तुतीचे पिवळे झाड

माझी भाची कॅलिफोर्नियात असते. गेल्या ऑक्टोबरात ती पॅसाडेना शहरातल्या नॉर्टन सायमन संग्रहालयात गेली आणि तिथून एका चित्राचा फोटो मला पाठवला. खाली एवढेच लिहिले होते, "मामू, ओळखा कशाचं झाड आहे."

मी ओळखू शकलो नाही. निळ्याभोर आकाशावर पिवळ्या-केशरी रंगाचा एक भडका उसळलेला दिसत होता. खाली दगडगोट्यांचा उतार, आखूड बुंधा आणि त्यावर ज्वाळांसारखी वळवळत वर गेलेली पाने. रंग एवढा जाड की फोटोतही त्याची सावली पडलेली कळत होती. आग लागलेले झाड, असे काहीतरी उत्तर मी दिले. तिने संग्रहालयातल्या पाटीचा फोटो पाठवला. व्हिन्सेंट व्हॅन गॉग, 'तुतीचे झाड', १८८९, कॅनव्हासवर तैलरंग.

तुती! आमच्या आजोळी मराठवाड्यात आज घरटी तुती आहे. माझ्या खालाने गेली काही वर्षे एक एकर तुती लावली आहे आणि तिचा मुलगा, म्हणजे माझा खालाजाद भाऊ, शेडमध्ये रेशमाच्या अळ्या पाळतो. तरी मी ओळखले नाही. त्या लाजेपोटी मी या चित्राच्या मागे लागलो. त्यातून माझी एक जुनी चूकही दुरुस्त करावी लागली, ती पुढे सांगतो.

आधी चित्राविषयी. डिसेंबर १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी व्हिन्सेंटने स्वतःचा कान कापून घेतला, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यानंतर गल्लीतल्या लोकांनी अर्ज केला की हा माणूस धोकादायक आहे, याला मोकळा ठेवू नका. शेवटी ८ मे १८८९ रोजी तो आपणहून जवळच्या सँ-रेमी गावाबाहेरच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. रुग्णालय होते एका मध्ययुगीन मठात. पैसे भाऊ थिओ भरत होता. निजायला एक खोली मिळाली, खिडकीला गज. चित्रे काढायला दुसरी एक रिकामी खोली मिळाली. 'तारांकित रात्र' हे त्याचे जगप्रसिद्ध चित्र इथलेच, जूनमधले. जुलैत बाहेर चित्र काढत असतानाच त्याला मोठा झटका आला. त्या झटक्यात त्याने रंगही गिळले. मग कित्येक आठवडे कुंचला हातात नव्हता. सावरल्यावरही बाहेर पडायची त्याला भीती वाटे, म्हणून तो खोलीतच काम करत राहिला.

ऑक्टोबरात तो पुन्हा बाहेर पडला, आणि त्या दिवसांतले हे चित्र. आकार फार नाही, ५४ बाय ६५ सेंटिमीटर. थिओला पत्रात त्याने या झाडाविषयी लिहिले आहे. खडकाळ जमिनीवर अगदी पिवळे पडलेले तुतीचे झाड, मागे निळे आकाश, आणि यात मॉन्टिचेलीची वाट आपल्याला सापडली आहे, अशा आशयाचे ते लिहिणे आहे. मॉन्टिचेली हा मार्सेयचा चित्रकार. तो १८८६ साली वारला. रंगाचे थर चढवून चित्र काढणारा, हयातीत लोकांनी विक्षिप्त ठरवलेला. व्हिन्सेंट त्याला आपला पूर्वसुरी मानत असे. त्या शरदातल्या आपल्या चित्रांमध्ये हे तुतीचे झाड व्हिन्सेंटला स्वतःला विशेष आवडले होते.

पिवळ्या-केशरीशेजारी निळा ठेवला की दोन्ही रंग पेटतात, हे व्हिन्सेंटला पुस्तकांतून मिळालेले ज्ञान होते. त्या ज्ञानाचा उगम चित्रकारांकडे नाही, विणकरांकडे आहे. शेव्हरूल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ या सरकारी विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. सुताचा काळा रंग नीट उतरत नाही अशा तक्रारी येत. त्याने तपासले तर रंगात खोट नव्हती, शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या रंगामुळे डोळा फसत होता. त्यावर त्याने १८३९ साली मोठा ग्रंथ छापला आणि चित्रकारांनी तो डोक्यावर घेतला. व्हिन्सेंटकडे तर एक लाखकाम केलेली पेटी होती आणि तिच्यात रंगीत लोकरीचे गुंडे. धागे एकमेकांत पिळून तो रंगांची जोडी कशी जमते ते पाहत असे. ती पेटी आज ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. मालेगाव, भिवंडी, येवल्याच्या वाचकांना हे वाचून बरे वाटेल. त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. १८८४ साली हॉलंडमधल्या न्यूनेन गावात याच माणसाने हातमागावर बसलेल्या गरीब विणकरांची चित्रामागून चित्रे काढली. माग अक्राळविक्राळ, आणि त्यात अडकल्यासारखा बारका माणूस. आपल्या मोमीन मोहल्ल्यात खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ती चित्रे समजावून सांगायची गरज नाही.

आता झाडाकडे येतो. सँ-रेमीच्या खडकाळ माळावर तुती का होती?

इथे माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मी भाषण केले होते. विषय होता मुसलमानांचे जगाला योगदान. बोलण्याच्या ओघात मी ठोकून दिले की युरोपला रेशीम अरबांनी दिले, दक्षिण फ्रान्समधली तुतीची झाडेही त्यांनीच लावली. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर एक निवृत्त शिक्षक जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "सर, हे तुम्ही कुठे वाचलंत?" मी कुठेच वाचलेले नव्हते. 'तूत' हा शब्द फारसी आणि अरबीत आहे, आपली तुती त्याच शब्दातून आली, अंदलुसमध्ये रेशीम होते आणि अंदलुस फ्रान्सच्या शेजारी आहे, एवढ्या भांडवलावर मी ते वाक्य रचले होते. काहीतरी पुटपुटून मी सुटका करून घेतली. या चित्राच्या निमित्ताने ती उधारी फेडतो.

खरा क्रम असा आहे. रेशीम मूळ चीनचे. युरोपात त्याची पैदास मुसलमानांच्याही आधी पोहोचली होती. सहाव्या शतकात, बायझंटाइन सम्राट जस्टिनियनच्या काळात, काही भिक्षूंनी रेशमाची अंडी कॉन्स्टँटिनोपलला आणली, असे तेव्हाच्या इतिहासकाराने नोंदवले आहे. त्या वेळी इस्लामचा उदय व्हायचा होता. त्यामुळे "युरोपला रेशीम अरबांनी दिले" हे वाक्य पहिल्याच पायरीवर कोसळते.

पश्चिम युरोपापुरते मात्र मुसलमानांचे काम मोठे आहे, आणि त्यासाठी फुगवून सांगायची गरज नाही. अंदलुसमध्ये दहाव्या शतकापर्यंत तुती आणि रेशीम चांगलेच रुजले होते. इ. स. ९६१ सालचे कुर्तुब्याचे एक पंचांगवजा पुस्तक आहे. त्यात कुठल्या महिन्यात शेतीची कोणती कामे करायची याच्या नोंदी आहेत, आणि वसंताच्या तोंडाशी बायका रेशमाची अंडी उबवायला घेतात अशीही नोंद आहे. बाराव्या शतकात अल्-इद्रीसी सांगतो की एकट्या अलमेरिया शहरात रेशमाचे ८०० माग होते. हा इद्रीसी स्वतः सिसिलीत पालेर्मोला, रॉजर दुसरा या ख्रिस्ती राजाच्या दरबारात बसून भूगोल लिहीत होता. त्याच राजाचा लाल रेशमी झगा आज व्हिएन्नात आहे. मध्यभागी खजुराचे झाड, दोन्ही अंगांना उंटावर झेप घेतलेले सिंह, आणि काठावर कुफी लिपीत अरबी मजकूर, त्यात हिजरी ५२८ हे साल. पुढे पवित्र रोमन साम्राज्याचे ख्रिस्ती सम्राट राज्याभिषेकाला हा अरबी अक्षरांचा झगा पांघरत राहिले. मला भाषणात टाळ्याच हव्या होत्या, तर हे सांगायला हवे होते. खोटे बोलायचे कारणच नव्हते.

ग्रनाडा पडल्यावरही तिथल्या डोंगराळ भागात रेशीम पिकवणारे प्रामुख्याने मोरिस्को होते, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेले मुसलमान. १५६८ च्या बंडानंतर त्यांना उठवून देशभर विखुरले गेले आणि १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना स्पेनबाहेर हाकलले गेले. त्याच्या थोडेच आधी, १६०० साली, शेजारच्या फ्रान्समध्ये ऑलिव्हिए द सेर नावाच्या जमीनदाराने शेतीवर जाडजूड ग्रंथ लिहून तुतीचा पुरस्कार केला, आणि राजा हेन्री चौथा पॅरिसमध्ये राजवाड्याच्या बागेत तुतीची हजारो रोपे लावून घेत होता. एका देशात तुती जाणणारी माणसे हाकलली जात होती आणि शेजारी तुती लावली जात होती. या दोन घटनांना एका दोरीत बांधायचा मोह मला झाला, कबूल करतो. पण फ्रान्सकडे रेशमाची विद्या आली ती मुख्यत्वे इटलीतून. इटलीच्या रेशमात सिसिलीचा वाटा किती आणि बायझंटाइन ग्रीसचा किती, हा वेगळा हिशेब आहे. ११४७ साली रॉजरच्या आरमाराने ग्रीसमधून रेशीम विणकर धरून पालेर्मोला आणले, त्यामुळे तिथेही धागे गुंतलेलेच आहेत.

फ्रान्सच्या दक्षिणेत तुतीचा खरा प्रसार झाला तो १७०९ च्या भयानक थंडीनंतर. त्या हिवाळ्यात ऑलिव्हची आणि चेस्टनटची झाडे मोठ्या प्रमाणावर मेली. काटक आणि लवकर पैसा देणारे झाड म्हणून लोक तुतीकडे वळले. सेव्हेनच्या डोंगराळ भागात चेस्टनटला भाकरीचे झाड म्हणत आणि तुतीला सोन्याचे झाड. घराघरात अळ्या पाळल्या जात. बायका अंड्यांची पुरचुंडी कपड्यांच्या आत अंगाशी बांधून फिरत, शरीराच्या उबेने अंडी फुटावीत म्हणून. कुर्तुब्याच्या पंचांगातल्या बायका आठशे-नऊशे वर्षांपूर्वी ज्या कामात होत्या, त्याच कामात या. सँ-रेमीहून चालत जाता येईल इतक्या अंतरावर माय्यान गाव आहे, कवी फ्रेदरिक मिस्त्राल तिथला. १८५९ च्या त्याच्या 'मिरेयो' या प्रोव्हेन्साल भाषेतल्या दीर्घकाव्यात नायक-नायिकेचे प्रेम जमते ते तुतीचा पाला तोडताना, झाडावर. पुढे १९०४ साली त्याला नोबेल मिळाले. तुतीचा पाला हे त्या मुलखाचे रोजचे जगणे होते.

आणि ते जगणे व्हिन्सेंट तिथे पोहोचण्याआधीच मोडले होते. १८५३ साली फ्रान्समध्ये सुमारे २६,००० टन कोष निघाले. १८६५ साली ते ४,००० टनांवर आले. कारण पेब्रिन. अळीच्या अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके उठतात आणि घरेच्या घरे बसतात. लुई पाश्चरला सरकारने १८६५ मध्ये दक्षिणेत आलेस गावी पाठवले. तोवर त्याने रेशमाची अळी पाहिलीही नव्हती. अव्हिन्योंला तो कीटकांचा अभ्यासक फाब्र याच्या घरी गेला, एक कोष मागून घेतला, कानाशी हलवला आणि विचारले, आत काही आहे का? ही हकीकत फाब्रनेच लिहून ठेवली आहे. हाच माणूस चार-पाच वर्षांत उपाय शोधून गेला. मधल्या काळात त्याला पक्षाघाताचा झटकाही आला. उपाय साधा होता. मादी पतंगाने अंडी घातली की तिला वाटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. जंतू दिसला तर तिची अंडी जाळायची, नाही दिसला तर ठेवायची.

उपाय सापडला, पण फ्रेंच शेतकऱ्याचे दिवस परत आले नाहीत. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि चीन-जपानचे स्वस्त रेशीम लियोंच्या गिरण्यांत येऊ लागले. भूमध्य समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, लेबनॉनच्या डोंगरात, फ्रेंच भांडवलाने सूत काढायचे कारखाने निघाले होते. तिथल्या शेतकऱ्याने धान्य काढून तुती लावली. सँ-रेमीतली तुती बिनकामाची होत असताना लेबनॉनचे डोंगर तुतीने भरत होते. तूत हा शब्द ज्यांच्या बोलीतला, त्यांच्याकडे झाड वाढत होते, पण सुताचा भाव लियोंमध्ये ठरत होता. पहिल्या महायुद्धात समुद्राची नाकेबंदी झाली, १९१५ मध्ये टोळधाड आली, उस्मानी लष्कराने होते-नव्हते धान्य उचलले. तुतीच्या पाल्यावर माणसाचे पोट भरत नाही. त्या दुष्काळात लेबनॉनमध्ये दीड ते दोन लाख माणसे मेली असा अंदाज आहे. आपल्याकडच्या मुस्लिम इतिहासलेखनात जनरल आणि खलिफा पुष्कळ भेटतात, हा दुष्काळ कुठे भेटत नाही. मला तरी तो या चित्रामुळे भेटला.

पाश्चरची पद्धत मात्र दूरवर गेली. १८८८ साली, म्हणजे व्हिन्सेंटच्या चित्राच्या आदल्या वर्षी, उस्मानी सल्तनतीत बुर्सा येथे रेशीम शिक्षणाची शाळा उघडली. तिचा प्रमुख तोरकोम्यान नावाचा आर्मेनियन होता, फ्रान्समध्ये माँपेलिएला शिकून आलेला. आपल्या देशात रेशमाची ओढ त्याआधीच होती. टिपू सुलतानाने म्हैसूरमध्ये रेशीम रुजवण्यासाठी बंगालमधून आणि मस्कतहून किडे मागवले होते, त्याची पत्रे उपलब्ध आहेत. आमच्या औरंगाबादचे हिमरू आणि मशरू हे रेशीम आणि सूत यांच्या मिश्रणातून आलेले कापड. मशरू म्हणजे शरीयतला चालणारे. पुरुषाच्या अंगाला आतून सूत लागते, वरून रेशीम चमकते. कायदा पाळून हौस भागवायची ही युक्ती विणकरांची, त्यात मौलवींचे फार डोके नसावे.

या सगळ्या वाचनानंतर मी आजोळी गेलो आणि मोबाईलवर ते चित्र खालाला दाखवले. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिले. चित्रकार कोण, वेडा होता का, कान का कापला, यातले तिला काही विचारायचे नव्हते. ती दखनीत म्हणाली, "पाला पीला होने तक रख्या कायकू?"

मी चमकलो. आमच्या तुतीची पाने पिवळी पडलेली मी कधी पाहिलीच नव्हती, म्हणून तर झाड ओळखू आले नाही. इथे वर्षाला चार-पाच पिके निघतात. पाला तयार झाला की फांद्या छाटून अळ्यांपुढे टाकतात. झाड कमरेवर वाढूच देत नाहीत. पाने पिवळी पडली याचा अर्थ घरात अळ्या नाहीत, धंदा बसला. खालाने एका नजरेत फ्रान्सच्या रेशमाचा मृत्युलेख वाचला, असे मला वाटले आणि परतीच्या एसटीत मी लेखाचा शेवटही मनात रचून टाकला.

घरी येऊन तपासले. फ्रान्समध्ये तेव्हा वर्षातून एकच पीक घेत, वसंतात. मे महिन्यात झाड ओरबाडून घेतले की पुन्हा पालवी फुटे, आणि ती पाने शरदात पिवळी होऊन गळत. धंदा जोरात असतानाही झाड ऑक्टोबरात पिवळेच दिसले असते. त्या विशिष्ट झाडाचा पाला १८८९ च्या मेमध्ये कुणी तोडला होता की नाही, हे चित्रावरून सांगता येत नाही. व्हिन्सेंटला त्याच्याशी कर्तव्यही नव्हते. त्याला पिवळा दिसत होता आणि निळा दिसत होता, आणि पुढचा झटका कधी येईल ते ठाऊक नव्हते. तो डिसेंबरअखेर आला. मे १८९० मध्ये तो सँ-रेमी सोडून गेला आणि २९ जुलैला मेला, वय ३७. सहा महिन्यांत थिओही गेला. पुढे थिओची बायको योहाना हिने व्हिन्सेंटची पत्रे जपली, लावली आणि १९१४ मध्ये छापली, म्हणून या झाडाविषयी तो काय म्हणाला ते आपल्याला कळते.

भाषणानंतर मला गाठणाऱ्या त्या शिक्षकांचा पत्ता मी शोधला. ते आता थकले आहेत, ऐकू कमी येते. फोनवर मोठ्याने सांगितले, "सर, ते फ्रान्सच्या तुतीचं मी चुकीचं बोललो होतो." ते म्हणाले, "कोणत्या तुतीचं?" त्यांच्या लक्षातही नव्हते.

खालाजाद भावाकडे परवा शंभर अंडीपुंज आले. पाकिटावर रोगमुक्त असा शिक्का आहे. आया तपासून झाल्यात, पेब्रिन नाही, असा त्याचा अर्थ. मी त्याला पाश्चरची गोष्ट सांगायला लागलो, तर तो म्हणाला, "भाईजान, बाद में. पहले पाला काटना है."